कोंबडीला थंडी नाही, ओल मारते



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सोयाबीन घरात आलेले असेल, कापसाची वेचणी चालू असेल आणि फज्रच्या वेळी वजूचे पाणी बोटांना झोंबू लागलेले असेल. आमच्या वरवट बकालमध्ये याच दिवसांत खुराड्यांवर जुनी पोती, खताच्या पिशव्या आणि फाटक्या ताडपत्र्या चढतात. जिथे फट दिसेल तिथे चिंधी कोंबली जाते. हेतू चांगलाच असतो, मुक्या जिवाला थंडी वाजू नये. तरीही डिसेंबर-जानेवारीत सकाळी खुराडे उघडले की एखादी कोंबडी मान टाकून पडलेली सापडते, दुसरीच्या छातीत घरघर सुरू झालेली असते. घरातले म्हणतात, "थंडीने गेली."

पुष्कळदा ती थंडीने गेलेली नसते. तिला मारले ते बंद खुराड्यातल्या ओलीने आणि कोंदट हवेने, म्हणजे थंडीवर आपणच केलेल्या उपायाने. या महिन्याचा लेख याच एका गोष्टीवर आहे: खुराडे खालून बंद हवे आणि वरून उघडे हवे. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

यात आपले काय पणाला लागते, तेही पाहू. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. घरी ८ कोंबड्या असल्या आणि हिवाळ्यात त्यातल्या ४ गेल्या, तर वर्षाची २४० ते ३२० अंडी गेली, शिवाय त्यातून निघाली असती ती पिल्लेही गेली. शेतीचा पैसा बहुतेक घरांत पुरुषांच्या हातून फिरतो. अंडी-कोंबडीचा पैसा मात्र अम्मीचा, भाभीचा, दादीचा असतो. मुलाची वही, डॉक्टरची फी, ईदला मुलीच्या बांगड्या अशा गोष्टी त्यातून निघतात आणि त्यासाठी कुणाकडे हात पसरावा लागत नाही. म्हणून हा विषय दिसतो तितका लहान नाही.

पिसांचे स्वेटर

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. माणसाला एवढा ताप आला तर घरात धावपळ होईल. तिच्यासाठी ते रोजचेच. ही ऊब पिसांमुळे टिकते. थंडी वाजली की कोंबडी पिसे फुलवून गोळा होऊन बसते. पिसांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच तिची रजई होते. काश्मीरसारख्या बर्फाच्या मुलखातही लोक कोंबड्या पाळतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, लाट आली तर त्याखाली. धडधाकट, मोठ्या, कोरड्या कोंबडीला एवढी थंडी सहज सोसते.

ही रजई दोन गोष्टींनी निकामी होते. पिसे भिजली तर त्यातली हवा जाते, आणि अंगावर थेट वारा आला तर फुललेली पिसे दबतात. याचा अर्थ कोंबडीला दोनच गोष्टी हव्यात: कोरडी जागा आणि वाऱ्याचा आडोसा. खुराडे गरम करण्याची गरज नाही.

ओल येते कुठून?

पावसाळा संपला, मग ओल कसली, असे वाटेल. ती कोंबड्यांकडूनच येते. रात्रभर प्रत्येक कोंबडी श्वासावाटे वाफ सोडते. कोंबडीला वेगळी लघवी नसते. शरीरातले जास्तीचे पाणी विष्ठेतूनच बाहेर पडते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाच-सहाला आत गेलेली कोंबडी सकाळी सात-साडेसातनंतर बाहेर येते. म्हणजे १३-१४ तास ती आत आहे आणि ओल साठते आहे.

त्यात आपल्या भागात दिवस-रात्रीचा फरक मोठा. दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १०. खुराड्यावर टिनपत्रा असला तर तो पहाटे थंडगार पडतो, आतली उबदार वाफ त्याला लागते आणि त्याचे पाणी होते. पत्र्याला आतून घाम येतो. तेच थेंब कोंबड्यांच्या पाठीवर आणि खालच्या कुटारावर टपकतात.

ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वास तुम्ही ओळखता. हा वायू कोंबडीच्या श्वासनलिकेतले बारीक केस निकामी करतो. धूळ आणि जंतू अडवणारी चाळणीच गेली की सर्दी, घरघर, डोळे सुजणे सुरू होते. म्हणजे आपण थंडी बाहेर ठेवली आणि आजार आत कोंडला.

परीक्षा सोपी आहे. सकाळी खुराडे उघडताना लगेच मागे सरू नका. खाली उकिडवे बसा, आपले नाक कोंबडीच्या उंचीवर आणा आणि एक श्वास घ्या. वास नाकात चढला किंवा डोळ्यांत पाणी आले, तर ती हवा कोंबड्यांनी रात्रभर घेतली आहे असे समजा. उभ्याने हा वास नीट कळत नाही.

खाऱ्या पाण्याची गोष्ट

आपल्या पूर्णा खोऱ्यातल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो, आणि आपला संग्रामपूर तालुका त्यात येतो. माणसाला प्यायला गोडे पाणी भरून ठेवायचे आणि जनावरांना बोअरचे खारे पाणी घालायचे, ही इथली जुनी सवय आहे. पाण्यात क्षार जास्त असले की कोंबडी पाणी जास्त पिते आणि विष्ठा पातळ होते. उन्हाळ्यात ती उन्हाने सुकून जाते. हिवाळ्यात सुकत नाही, आणि खुराड्याची जमीन लवकर चिखलते.

म्हणून थंडीचे चार महिने कोंबड्यांना प्यायला शक्यतो नळाचे गोडे पाणी द्या. ८-१० कोंबड्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी लागते, एका लहान कळशीपेक्षाही कमी. उरलेल्या जेवणातले मीठ-तेलाचे पदार्थ, लोणच्याचा खार, खारट सालनही त्यांच्या ताटात टाकू नका. त्यानेही तहान वाढते.

खुराडे: खालून बंद, वरून उघडे

आता प्रत्यक्ष काम. १० कोंबड्यांना रात्री बसायला ४ बाय ५ फूट जागा चांगली पुरते. उंची ४ फूट असली तर उत्तम.

*दिशा.* हिवाळ्यात आपल्याकडे बोचरा वारा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. त्यामुळे उत्तरेची बाजू भक्कम बंद हवी आणि दार दक्षिणेला किंवा पूर्वेला, म्हणजे सकाळचे ऊन आत येईल. खुराडे आधीच बांधलेले असेल आणि दार उत्तरेला असेल, तर तोडफोड नको. दारासमोर दोन फुटांवर तुराटीचा कूड उभा करा. वारा अडतो आणि हवा खेळती राहते.

*भिंती.* जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत एकही फट ठेवू नका. पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड, त्यावर शेण-मातीचा गिलावा, ही आपल्या वऱ्हाडातली जुनी पद्धत इथे नव्या पत्र्यापेक्षा सरस ठरते. माती लवकर गार पडत नाही आणि तिला घामही येत नाही. आतून चुन्याचा एक हात द्या. फटींत लपलेल्या उवा-गोचिडांचा त्रास कमी होतो.

*वरची खिडकी.* छपराच्या खाली, दोन समोरासमोरच्या बाजूंनी वीतभर उंचीची पट्टी मोकळी सोडा. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा ती निदान फूटभर वर हवी. उबदार ओलसर हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खाली बसलेल्या कोंबडीला वारा लागत नाही. या पट्टीला बारीक, मजबूत जाळी मारा. मुंगूस आणि रानमांजर फार लहान भोकातून शिरतात. खुराडे पेटीसारखे बुटके असेल तरी छपराखाली चार बोटे जागा रात्रभर उघडी राहिलीच पाहिजे.

*पोत्याचा पडदा.* इथे सगळ्यांचे उलटे होते. आपण पोते वरून खिळ्याला अडकवतो आणि खाली लोंबते सोडतो. वारा आला की ते खालून उडते. मग जिथे वारा नको तिथे वारा येतो आणि जिथे हवा जायला हवी तिथे बंद. मोठ्या पोल्ट्रीचे शेड नीट पाहा. तिथे पडदा खाली पक्का बांधलेला असतो आणि दोरीने वर ओढतात. आपणही पोते खालून खिळा आणि वरचे टोक दोरीने ओढून बांधा. वर वीतभर सोडायचे. दुपारी दोरी सैल केली की पडदा खाली बसतो आणि ऊन आत येते. प्लास्टिकपेक्षा तागाचे पोते बरे. त्यातून थोडी हवा जाते आणि पाणी साचत नाही.

*छप्पर.* टिनपत्रा असेल तर आतून तट्टा किंवा तुराटीचा थर बांधा, नाहीतर वरून कडब्याच्या पेंढ्या अंथरा आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोरीने आवळा. पत्रा थेट गार पडला नाही की घाम येत नाही. छपराला थोडा उतार असू द्या. अवकाळी पाऊस हिवाळ्यातही गाठतो.

*दांडी.* रात्री जमिनीवर बसलेली कोंबडी ओलीत बसते. दीड-दोन फुटांवर लाकडी दांडी बांधा. प्रत्येक कोंबडीला ८ इंच जागा धरली तर १० कोंबड्यांना ५ फुटांच्या २ दांड्या पुष्कळ होतात. दांडी साधारण २ इंच रुंद आणि वरून सपाट असली की कोंबडी पायाची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकून बसते. लोखंडी पाइप वापरू नका. तो पायातली ऊब ओढून घेतो.

जमिनीवरची गादी

जमिनीवर ४ ते ५ इंच जाडीचे कोरडे कुटार पसरणे, याला गादी पद्धत म्हणतात. सोयाबीनचे कुटार आत्ता गावात मुबलक आहे. गव्हाचा भुसा, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, काहीही चालते, अट एकच: कोरडे हवे आणि बुरशी नको. पावसात भिजून काळे पडलेले कुटार स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. त्यातली बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते आणि पिल्ले तर पटापट दगावतात.

आधी जमीन खरवडून दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, विरलेला कोरडा चुना भुरभुरा, मग कुटार टाका. आठवड्यातून दोनदा खुरप्याने किंवा काठीने वर-खाली करा. मूठभर कुटार हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ते सुटे झाले तर ठीक. त्याचा लाडू राहिला तर ओल वाढली आहे. तेवढा भाग काढून नवे टाका. दांडीखालचा भाग सगळ्यात आधी ओला होतो, तिथे रोज सकाळी एक-दोन ओंजळी कोरडे कुटार टाकले तरी पुरते. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यात ठेवू नका. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, ते फक्त सांडते.

फेब्रुवारीअखेर हीच गादी काढून कुजवली की परसातल्या मेथी-पालकाला उत्तम खत मिळते.

अंगण आणि ऊन

दिवसा कोंबड्यांना मोकळे हवेच. सकाळी घाई मात्र करू नका. पहाटेचे दव गवतावर असते, त्यात कोंबड्या फिरल्या की पोटाची पिसे भिजतात. ऊन अंगणात उतरले की सोडा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतो आणि येत्या काही वर्षांत तो थेट कडाक्याच्या थंडीत येणार आहे. सहेरीला घर जागे असते, चूल पेटलेली असते. तेव्हाच खुराडेही उघडून टाकावे असे वाटते. तसे करू नका. कोंबड्यांची सकाळ सूर्याबरोबर होऊ द्या.

जाळीच्या आवारात एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून ठेवा. त्यात लोळून कोंबड्या उवा-पिसवांचा बंदोबस्त स्वतः करतात. त्या जागेवर दोन पत्रे तिरपे टाकले तर दव पडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडे, सोनाळा-टुनकीच्या बाजूला राहणाऱ्यांनी जाळी जमिनीत निदान फूटभर गाडावी. अंबाबारवा अभयारण्याचे रान तिथून जवळ आहे आणि लांब रात्रींत कोल्हे वस्तीपर्यंत येतात. दार मगरिबच्या आधी लावायचे आणि आत गेलेल्या कोंबड्या मोजायच्या. हे काम घरातल्या एका मुलाला नेमून द्या.

दाणा-पाणी

थंडीत कोंबडी जास्त खाते, कारण खाल्लेले ऊब धरायला खर्च होते. संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी भरडलेला मका किंवा ज्वारी मूठभर जास्त द्या. दाणे रात्रभर पचतात आणि आतून ऊब देतात. सकाळी पाणी कोमट करून द्या. गार पाणी ती कमी पिते आणि पाणी कमी प्याले की खाणेही कमी होते. मेथी, कोथिंबिरीच्या काड्या, लसूणघास असे हिरवे रोज थोडे. अंड्याची टरफले भाजून, कुटून दाण्यात मिसळा.

दोन गोष्टी आपल्या भागात मुद्दाम सांगायला हव्यात. कच्चे सोयाबीन कोंबडीला पचत नाही. घरात पोती भरली आहेत म्हणून तसेच टाकू नका, भाजून किंवा उकडून थोडे द्या. सरकी तर नकोच. तिच्यातल्या द्रव्याने अंड्यातला बलक हिरवट-काळपट पडतो.

अंडी कमी झाली तर घाबरू नका. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा उरतो, आणि अंडी देण्याचे चक्र उजेडावर चालते. शिवाय याच सुमारास बऱ्याच कोंबड्या जुनी पिसे टाकून नवी घेतात. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला की अंडी परत सुरू होतात. त्या दोन महिन्यांत तिला अंडी देत नाही म्हणून विकून टाकणे म्हणजे घाई होते.

पिल्लांचे मात्र वेगळे

वर सांगितले ते मोठ्या कोंबड्यांबद्दल. पिल्लांना पिसे नसतात, फक्त लव असते, त्यामुळे त्यांना खरोखर ऊब लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, असे चार-पाच आठवडे. खुडूक कोंबडी हे काम स्वतः करते; तिच्या पंखांखाली १०-१२ पिल्ले मावतात. तिला कोरडी, वारा न लागणारी जागा दिली की बाकी ती पाहते.

विकत आणलेल्या पिल्लांना बल्ब लावावा लागतो. प्रत्येक पिल्लामागे २ वॅट हा ढोबळ हिशोब. ३० पिल्लांना ६० वॅटचा बल्ब, जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर. पण तो जुना तारेचा पिवळा बल्ब हवा. आता घरोघरी असलेला एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानात नीट विचारून घ्या. बल्ब योग्य आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असली तर गार आहे. बल्बपासून लांब पळून चोची उघडून बसली तर गरम आहे. सगळी एका बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सारखी पसरून खात-पीत असली तर बरोबर आहे.

बल्ब तारेने पक्का टांगा, वायरच्या भरवशावर नको. खाली कुटार असते, आणि ते ठिणगीची वाट पाहत असते. वीज गेली म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद जागेत ठेवू नका. तिच्या धुराने पिल्ले गुदमरतात, आणि शेजारच्या खोलीत माणसे झोपलेली असतील तर त्यांनाही धोका असतो. त्याऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. झोपण्याआधी दिवे विझवा, उंदीर वात ओढून घर पेटवतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. खुराड्यातल्या उघड्या दिव्याला ती तंतोतंत लागू पडते.

आजार: आधी लस

हिवाळ्यात ज्याला सगळे घाबरतात तो मानमोडी, म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत या डोंगरी गावावरून १९२०च्या दशकात हे नाव पडले. हिरवट पातळ विष्ठा, धाप, मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. हा विषाणूचा आजार असल्याने झाल्यावर औषध नाही. हळद-लसूण द्यायला हरकत नाही, पण तो मानमोडीवर इलाज नव्हे.

उपाय लस हाच. पिल्लांना ५ ते ७ दिवसांच्या वयात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि ६ ते ८ आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचून. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची, आणि त्याआधी आठवडाभर जंताचे औषध. लसीची एक बाटली एका घराला फार मोठी होते आणि मिसळल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी एकत्र यावे, एकच दिवस ठरवावा आणि बर्फाच्या थर्मासमध्ये लस आणावी. एकट्या घराने लस दिली आणि शेजारी राहिले, तर आजार गल्लीत राहतोच. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारले तर वेळापत्रक आणि पद्धत समजावून मिळते.

बर्ड फ्लूचेही ध्यान असू द्या. भारतातला त्याचा पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तो पुन्हा आढळला. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस होते, कारण या काळात दूरदेशीचे पाणपक्षी आपल्या तलावांवर उतरतात. आपल्या कोंबड्या तळ्याकाठी, धरणाकाठी सोडू नका. एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या एकाएकी मेल्या तर हात न लावता आधी दवाखान्याला कळवा.

मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खुराड्यात आजार शिरला की उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडी बाजारात विकून मोकळे व्हायची रीत आहे. घेणारा ती घरी नेतो आणि त्याचेही खुराडे रिकामे होते. दोष लपवून माल विकणे आपल्याकडे नाजायज आहे, हे दुकानदाराला जितके लागू तितकेच कोंबडी विकणाऱ्यालाही. आजारी कोंबडी वेगळी ठेवा, नवी आणलेली कोंबडीही दोन आठवडे वेगळी ठेवा, मग कळपात सोडा.

दार आपण लावतो, जबाबदारीही आपली

झाडावर बसणारी कोंबडी स्वतःची जागा स्वतः निवडते. वारा आला तर फांदी बदलते, ओल आली तर सरकते. आपण तिला खुराड्यात घालून बाहेरून कडी लावतो, तेव्हा ती निवड तिच्या हातून जाते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. तिचा रोख कोंडण्यावर आहे: ज्या जिवाला आपण बंद केले, त्याच्या अन्नाचा, पाण्याचा आणि श्वासाचाही हिशोब आपल्याकडे. दाणा आपण देतोच; स्वच्छ हवेचा हक्क बहुतेक वेळा राहून जातो.

या जुम्म्यापर्यंत तीनच कामे करा. सकाळी उकिडवे बसून खुराड्याचा वास घ्या. वरून लटकवलेले पोते काढून खालून बांधा. छपराखाली कोंबलेल्या चिंध्या काढून टाका. कुटाराची गादी आणि लस त्यानंतरच्या आठवड्यात. हात धुवायला विसरू नका.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, खुडूक कोंबडी कधी आणि कशी बसवावी, अंडी उजेडात धरून कशी पाहावी आणि २१ दिवसांत तिच्याकडे काय लक्ष द्यावे, ते पाहू.